काढलेला दात कचऱ्यात का?

काढलेल्या दाताविषयी दंतवैद्य आणि रुग्ण यांच्यात कधी वाद होत नाही. दोघांच्याही लेखी तो संपलेला असतो. वैद्य तो ट्रेमध्ये टाकतो, ट्रेमधून तो पिवळ्या पिशवीत जातो आणि रुग्ण खोबणीवर बोळा दाबून घरी जातो. पुढे वर्षा-दोन वर्षांनी त्या जागी इम्प्लांट बसवायचे ठरते, तेव्हा तिथले हाड झिजून अरुंद झालेले दिसते. मग ते भरून काढण्यासाठी बाटलीतले दाणे विकत आणले जातात. हे दाणे बहुधा गाईगुरांच्या हाडापासून केलेले असतात, नाही तर कारखान्यात तयार झालेले कॅल्शियम फॉस्फेट असते. रुग्णाचाच दात स्वच्छ करून, दळून त्याच्याच जबड्यात भरता आला असता असे कोणी सुचवले, तर त्यावरचे उत्तर ठरलेले आहे.

ते उत्तर, म्हणजे पूर्वपक्ष, असे. दात किडलेला, जंतूंनी भरलेला आणि मेलेला आहे. दात म्हणजे हाड नव्हे, तेव्हा त्यापासून हाड होणार नाही. शरीर त्याला परका समजून बाहेर टाकील. पुरावा तुटपुंजा आहे. कायद्याने तो जैववैद्यकीय कचरा ठरतो. आणि सरतेशेवटी, ज्याला चांगला माल परवडत नाही त्याच्यासाठी काढलेली ही पळवाट आहे. हे आक्षेप अडाणी माणसांचे नाहीत. चांगले शिकलेले, हात सफाईदार असलेले दंतवैद्य ते घेतात, आणि त्यांतल्या दोन आक्षेपांत तथ्यही आहे. तरीही एकूण निष्कर्ष चुकीचा आहे असे माझे मत आहे.

हा वाद मी आदिलाबाद जिल्हा समोर ठेवून मांडतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखात आले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. 2014 मध्ये तेलंगण झाले आणि 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे पडले. पैनगंगेकाठच्या जैनद, बेला या भागांत घरात आणि बाजारात मराठी चालते, कचेरीत तेलुगू आणि दवाखान्याच्या कागदावर इंग्रजी. उटनूर, इंद्रवेल्लीकडे गोंडी आणि कोलामी ऐकू येते. आदिलाबाद शहरात 2008 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण दंत महाविद्यालयासाठी निजामाबाद, हैदराबाद नाही तर नागपूर गाठावे लागते. नागपूर सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे, हैदराबाद तीनशे. अशा ठिकाणी दुखणारी दाढ वाचवण्याऐवजी काढून टाकण्याकडेच कल राहतो. तिथला कापूस वेचणारा माणूस एकाच खोबणीसाठी चार फेऱ्या घालू शकत नाही. खोबणीचे काय करायचे ते दाढ निघते त्याच दिवशी ठरले पाहिजे, आणि त्या दिवशी भरणाचे साहित्य हाताशी असले पाहिजे. हे साहित्य त्या क्षणी ट्रेमध्येच पडलेले असते, आणि आपण ते फेकतो.

आधी खोबणीत काय घडते ते पाहू. दात ज्या हाडात रोवलेला असतो त्याचा आतला पातळ थर दातासाठीच असतो. दाताला धरून ठेवणारे तंतू त्यात शिरलेले असतात. दात गेला की या थराला काम उरत नाही आणि शरीर तो शोषून घेते. पुढच्या दातांच्या ओठाकडील बाजूला हाडाची भिंत मुळातच एखाद्या मिलीमीटरपेक्षा पातळ असते, म्हणून तिथे ती सगळीच ढासळते. 2003 मध्ये डेन्मार्कच्या श्रॉप आणि सहकाऱ्यांनी दाढा आणि उपदाढा काढलेल्या रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. बारा महिन्यांत जबड्याच्या हाडाच्या कड्याची रुंदी जवळजवळ निम्मी झाली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. कवळी वापरणाऱ्यांचे हाल याहून मोठे असतात. 1972 मध्ये टॉलग्रेन यांनी पंचवीस वर्षांच्या निरीक्षणावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट निघाली. खालची कवळी बसत नाही, जेवताना उचलली जाते, ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार याच झिजेतून येते.

आता दात म्हणजे हाड नव्हे या आक्षेपाकडे येतो, कारण बाकीचे आक्षेप त्याच्यावरच उभे आहेत. दाताचा मोठा भाग एनॅमलचा, म्हणजे वरच्या कठीण कवचाचा, नसून त्याखालच्या डेंटिनचा असतो. डेंटिनमध्ये वजनाने सुमारे 70 टक्के खनिज, 20 टक्के सेंद्रिय द्रव्य आणि 10 टक्के पाणी असते. हाडात खनिज थोडे कमी आणि सेंद्रिय द्रव्य थोडे जास्त असते, इतकाच फरक. खनिज दोन्हीकडे एकाच जातीचे, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचे ॲपटाइट आहे. सेंद्रिय भागात दोन्हीकडे मुख्यतः पहिल्या प्रकारचे कोलॅजन आहे. हाड घडवणाऱ्या पेशींना बोलावणारी प्रथिनेही दोन्हींत सापडतात. बाटलीतल्या गाईच्या हाडातून सेंद्रिय भाग प्रक्रियेत काढून टाकलेला असतो. रासायनिक घडणीकडे पाहिले तर जबड्याच्या हाडाला दात हा बाटलीपेक्षा जवळचा सोयरा आहे.

यावर कोणी म्हणेल, रचना सारखी असली म्हणून वागणूक सारखी असेल असे नाही. रास्त आहे. म्हणून वागणुकीचा पुरावा देतो, आणि तो दंतवैद्यांच्या रोजच्या अनुभवातूनच देतो. पडून किंवा मार लागून उखडलेला दात पुन्हा खोबणीत बसवतात. मुळावरचे तंतू वाळून मेले असतील तर काही काळाने तो दात हाडाशी चिकटतो. मग शरीर मुळाचे डेंटिन थोडे थोडे खाते आणि त्या जागी हाड घालत जाते. काही वर्षांनी मुळाच्या जागी हाडच उरते आणि वरचा दात मोडून पडतो. आघातग्रस्त दातांवर आयुष्यभर काम केलेल्या डेन्मार्कच्या येन्स आन्द्रेआसेन यांनी या प्रक्रियेचा तपशीलवार अभ्यास केला. दात वाचवू पाहणाऱ्यासाठी हा पराभव आहे. पण आपला प्रश्न वेगळा आहे. शरीर डेंटिनला परका समजून बाहेर टाकते, की त्याचे हाडात रूपांतर करते? शरीराचे उत्तर इथे समोर दिसते. जे वैद्य या प्रक्रियेला भितात तेच दाताचे हाड होणार नाही असे म्हणतात, तेव्हा ते आपल्याच पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणाला विसरतात.

प्रयोगशाळेतला पुरावाही जुना आहे. 1965 मध्ये अमेरिकेतल्या मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले, आणि जिथे हाड असण्याचे कारण नाही तिथे नवे हाड तयार झाले. दोनच वर्षांत, 1967 मध्ये, युरिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच गुण खनिज काढलेल्या डेंटिनमध्येही दाखवला. म्हणजे दाताच्या कलमाची, दातापासून हाड भरण्याची, कल्पना आजच्या बाजारातून आलेली नाही, ती साठ वर्षांपूर्वीच्या पायाभूत शास्त्रातून आली आहे. पुढे 2003 मध्ये जपानच्या होक्काइदोतील मासारू मुराता यांनी रुग्णाच्याच दातापासून केलेल्या कलमाचा माणसातला वापर मांडला. कोरियात यंग-क्युन किम आणि सहकाऱ्यांनी 2010 च्या सुमारास ही पद्धत नित्याच्या उपचारात आणली. इस्रायलच्या इत्झाक बिंडरमन यांनी 2014 मध्ये दवाखान्यातच, रुग्ण खुर्चीवर असतानाच, दात दळून वापरण्याची रीत प्रसिद्ध केली.

इथे आपल्याच बाजूच्या एका गटाशी मला भांडावे लागते. हे तर आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते, असे काही लोक लगेच म्हणतात. चरकाने 360 अस्थी मोजताना बत्तीस दात आणि बत्तीस दंतोलूखले, म्हणजे दाताच्या खोबणी, धरल्या आहेत. सुश्रुताने 300 अस्थींचे पाच प्रकार केले आणि दात रुचक या प्रकारात घातले. दात आणि हाड यांचे नाते पाहणारी ही दृष्टी तीक्ष्ण आहे, यात शंका नाही. पण वर्गीकरण म्हणजे प्रयोग नव्हे. दात दळून हाड भरल्याचे सुश्रुताने कुठे म्हटलेले नाही, आणि ते त्याच्या तोंडी घालून आपला पक्ष बळकट होत नाही. या पद्धतीला युरिस्टचे प्रयोग पुरेसे आहेत.

आता जंतूंचा आक्षेप. किडलेला दात जसाच्या तसा भरावा असे कोणी म्हणत नाही. आधी कीड, भरलेले सिमेंट किंवा चांदी, कॅप, कीटण, मुळावरच्या तंतूंचे अवशेष आणि आतला मगज हे सगळे बुराने काढून टाकायचे. उरलेला निरोगी भाग वाळवून निर्जंतुक गिरणीत दळायचा. बिंडरमन यांच्या पद्धतीत 300 ते 1200 मायक्रॉनचे दाणे वेगळे काढतात. मग ते अर्ध्या मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या आणि 30 टक्के अल्कोहोलच्या मिश्रणात सुमारे दहा मिनिटे ठेवतात. या क्षारात जंतू आणि सेंद्रिय घाण विरघळते. डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नळ्या हजारोंनी असतात, त्यांतूनही द्रावण आत शिरते. शेवटी फॉस्फेट बफरने धुऊन क्षार काढून टाकतात. एकूण काम पंधरा-वीस मिनिटांचे आहे. या पायऱ्या पाळल्या तर जंतूंचा आक्षेप उरत नाही. पाळल्या नाहीत तर तो पूर्ण खरा ठरतो. घरच्या मिक्सरमध्ये दात फिरवून सलाइनने धुणे ही पद्धत नव्हे, तो गुन्हा आहे, आणि तसे करणाऱ्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही. रूट कॅनाल झालेल्या दातात गट्टापर्चा आणि सीलर हे भरणाचे पदार्थ राहिलेले असतात, म्हणून अशा दातांपासून दूर राहावे हेच मला योग्य वाटते.

खनिज ठेवावे की काढावे यावर या पद्धतीच्या समर्थकांतच दोन पंथ आहेत. बिंडरमन यांच्या पद्धतीत खनिज राहू देतात, त्यामुळे काम त्याच बैठकीत उरकते आणि दाणे कठीण राहून जागा धरून ठेवतात. जपान-कोरियाकडे आम्लाने खनिज कमी करतात, म्हणजे कोलॅजन आणि प्रथिने उघडी पडतात. 2016 मध्ये नागासाकीच्या संशोधकांनी प्राण्यांत तुलना केली, तेव्हा सुमारे हजार मायक्रॉनचे, अर्धवट खनिज काढलेले दाणे सर्वांत सरस ठरले. पार चूर्ण केलेले आणि खनिज संपूर्ण काढलेले दाणे मागे पडले. जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे रुग्ण एकदाच येतो, तिथे मला खनिजासह असलेली झटपट रीत अधिक व्यवहार्य वाटते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडयुक्त पाण्याच्या पट्ट्यातले दात असतील तर आणखी एक विचार करावा लागतो. फ्लोराइड मिसळलेले ॲपटाइट आम्लात कमी विरघळते, तेव्हा आम्लाची ठरलेली वेळ अशा दाताला डोळे मिटून लावता येणार नाही.

पुरावा तुटपुंजा आहे हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. मोठ्या, वर्षानुवर्षे चाललेल्या चाचण्या कमी आहेत, आणि अनेक लेख चार-दोन रुग्णांचे आहेत. पण आक्षेप घेणारे पुढचे वाक्य बोलत नाहीत. 2017 मध्ये कोरियातील एका यादृच्छिक चाचणीत दाताचे कलम आणि गाईच्या हाडाचे कलम समोरासमोर ठेवले गेले, आणि वाढलेल्या हाडात लक्षणीय फरक आढळला नाही. 2021 मध्ये पोर्तुगालमधील चाचणीत 52 रुग्णांतल्या 66 इम्प्लांटच्या जागा तपासल्या गेल्या. इम्प्लांटची पकड दोन्हीकडे सारखी होती. नव्या हाडाचे प्रमाण दाताच्या कलमात सुमारे 47 टक्के आणि गाईच्या हाडात सुमारे 35 टक्के होते, आणि न विरघळलेले दाणे दाताच्या बाजूला कमी राहिले होते. दात श्रेष्ठ आहे असा माझा दावा नाही. तो विकतच्या मालाच्या तोडीस तोड आहे, एवढेच या पुराव्यावरून म्हणता येते. आणि तोडीस तोड वस्तू रुग्णाच्या तोंडातूनच निघत असताना ती न विचारता फेकणे हेच समर्थन मागणारे कृत्य आहे. पुराव्याचे ओझे फेकणाऱ्यावरही आहे.

पळवाटीचा आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो, कारण त्यात गरिबाच्या उपचाराला हलके लेखण्याची सवय आहे. जबड्याच्या शस्त्रक्रियेत सर्वांत मानाचे कलम कोणते मानतात? रुग्णाचे स्वतःचे हाड. त्यासाठी हनुवटी, जबड्याचा मागचा भाग किंवा कमरेचे हाड कापतात, म्हणजे एक जखम भरण्यासाठी दुसरी करतात. दाताचे कलम रुग्णाच्या स्वतःच्याच शरीरातून येते आणि त्यासाठी दुसरी जखम लागत नाही, कारण दात तसाही निघणारच होता. हे त्याच मानाच्या पंगतीतले आहे. जिवंत पेशी त्यात नसतात हे खरे, पण बाटलीतल्या हाडातही त्या नसतात.

बाटलीतल्या हाडाविषयी आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. ते कोणत्या प्राण्याचे आहे हे रुग्णाला किती वेळा सांगितले जाते? वरून झाकायचा कोलॅजनचा पापुद्रा तर पुष्कळदा डुकराच्या ऊतीपासून केलेला असतो. गळ्यात माळ घातलेला वारकरी, जैन व्यापारी, आदिलाबादच्या गल्लीतला मुसलमान रुग्ण, यांपैकी कोणी हे समजून होकार दिला तर तो त्याचा अधिकार आहे. पण त्याला न सांगता ते त्याच्या जबड्यात कायमचे बसवणे हा विश्वासघात आहे. दुसऱ्या माणसाचे प्रक्रिया केलेले हाडही मिळते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाची ऊतिपेढी 1988 पासून ते काम करत आहे, आणि मोठ्या शस्त्रक्रियांना त्याची गरज आहेच. पण एका दाढेच्या खोबणीसाठी तेवढे दूर जाण्याची गरज नाही.

कायद्याचा आक्षेप वरवर सर्वांत भक्कम दिसतो. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार मानवी ऊती पिवळ्या पिशवीत जातात, आणि काढलेला दात त्यांतच धरला जातो. पण कचरा म्हणजे टाकून दिलेली वस्तू. त्याच रुग्णाच्या अंगात त्याच बैठकीत, त्याच्या संमतीने परत जाणारी वस्तू टाकलेली नसते. दळून उरलेला भाग, काढून टाकलेली कीड, मगज, हे सगळे नियमाप्रमाणेच गेले पाहिजे. चांदीचे भरण असलेल्या दाताबाबत तर जास्त काळजी हवी, कारण त्यात पारा असतो आणि भट्टीत तो वाफ होऊन हवेत जातो. नियम पाळणे आणि दात वापरणे यांत विरोध नाही.

मात्र या पद्धतीच्या दोन मर्यादा मलाही मान्य आहेत. एक, एकाचा दात दुसऱ्याला भरू नये. आईचा दात मुलाला किंवा भावाचा भावाला, ही कल्पना प्रेमळ वाटते, पण रक्तातून पसरणाऱ्या रोगांची तपासणी आणि पेढीची शिस्त नसताना जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला थारा नसावा. दोन, प्रत्येक खोबण भरायची नसते. बहुतेक खोबणी रक्ताच्या गुठळीवर आपल्या आपण बऱ्या होतात. भरणाची गरज तिथेच असते, जिथे इम्प्लांट किंवा कवळी ठरलेली आहे आणि पातळ भिंत ढासळण्याचा धोका आहे. जागेवर पू असेल, मधुमेह आवरलेला नसेल किंवा रुग्ण दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत असेल, तर आधी त्याची व्यवस्था करावी लागते. खर्रा तोंडात ठेवून कोणतेही कलम टिकत नाही, मग ते दाताचे असो की परदेशी. आणि कलमाला माल हवा म्हणून वाचू शकणारा दात काढणे हा या पद्धतीचा सर्वांत घाणेरडा गैरवापर ठरेल. त्याविरुद्ध पद्धतीच्या समर्थकांनीच आधी बोलले पाहिजे.

गिरणीचा खर्च हा खरा अडसर आहे. एकेका दवाखान्याला ती परवडत नाही. पण आदिलाबादसारख्या शहरात चार-पाच दंतवैद्यांनी मिळून एक यंत्र घेतले, किंवा सरकारी रुग्णालयाने ते ठेवले, तर प्रत्येक वेळी बाटलीवर जाणारे हजारो रुपये वाचतील. अक्कलदाढ आडवी आल्यामुळे काढावीच लागणाऱ्या तरुणांचे दात यासाठी सर्वांत चांगले, कारण ते बहुधा किडलेले नसतात.

सुरुवात यंत्रापासूनही करावी लागत नाही. दात काढण्याआधीच्या संमतिपत्रात तीन ओळी वाढवता येतात. या जागी पुढे काय बसवायचा विचार आहे? हाड भरायचे असल्यास ते कोणत्या प्राण्याचे, माणसाचे की कारखान्यातले असेल? आपला स्वतःचा दात वापरता येईल का, आणि येत नसेल तर का? या ओळी तेलुगूत असाव्यात, बेला-जैनदच्या रुग्णासाठी मराठीत असाव्यात, आणि उटनूरच्या बाईला कोणी तरी त्या गोंडीत वाचून दाखवाव्यात. हे ऐकून रुग्णाने दात टाकून द्या म्हटले, तर तो पिवळ्या पिशवीत जायला माझी हरकत नाही.